अंगरख्यात पेंढा भरिला त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. चुलीतील अग्नि, रांजणातील उदक आणि उंबरठ्यावरील लक्ष्मी या तिघांस साष्टांग प्रणिपात करून, वाचणारांचे आयुरारोग्य चिंतून, हकीकत लिहिली जाते ऐसीजे. शके सोळाशे पन्नास, कीलकनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी, कोणे एके राज्यी, ज्याचे नाव येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही, सरहद्दीवरी एक डोंगरी किल्ला होता, आणि त्या किल्ल्यावरी रायाजीराव किल्लेदार नांदत होते. किल्लेदार अंगाने दांडगे, मनाने सालस, रणांगणी अग्रेसर, परंतु जेवणास बसले म्हणजे पहिला घास घेऊन "मीठ कमी आहे" ऐसे बोलल्याविना दुसरा घास घेत नसत. भाजीत समुद्र आणोन ओतिला तरी बोलणे तेच. त्यांच्या मातुश्री भागाऊ यांनी यावरून त्यांस रागे भरावे, आणि किल्लेदारांचे कुटुंब गोजराऊ यांनी पदर तोंडास लावोन हसावे, ऐसा त्या घरचा नित्यक्रम होता. मग महाराजांची आज्ञा जाहली की किल्लेदारांनी शिबंदी घेऊन हुजूर यावे, मोठी मसलत आहे. आज्ञा शिरसावंद्य करून रायाजीराव तरणी मनुष्ये, घोडी, हत्यारे आणि राज्याचे निशाण समागमे घेऊन निघाले, आणि मागे किल्ल्यावरी बायका, लेकरे, म्हातारी माणसे आणि एक दमाजी हवालदार राहिले. दमाजी हवालदारांचा एक पाय मागील लढाईत अधू जाहला होता आणि डोळ्यांस धुके आले होते, परंतु जीभ शाबूत होती.

ऐशियास थोडकेच दिवस लोटले तो घाटाखालोन मीठ आणणारे लमाण अर्ध्या वाटेवरोन ओरडिले की गनीम येतो, उदईक तुमच्या पायथ्याशी असेल, आणि मिठाच्या गोण्या बैलांच्या पाठीवरी तैशाच ठेवोन माघारे पळाले. किल्ल्यावरी आकांत जाहला. कोणी लेकरे पोटाशी धरिली, कोणी दागिने चुलीच्या राखेत पुरिले, कोणी देव पाण्यात ठेविले. मग सर्व बायका सदरेवरी जमा जाहल्या आणि दमाजी हवालदार काठी टेकीत आले आणि बोलिले, "बाईसाहेब, दरवाजा भक्कम आहे, दाणा आहे, पाणी आहे. तटावरी उभे राहण्यास मात्र मनुष्य नाही. मी आहे, तो एका पायावरी उभा राहतो, म्हणजे अर्धाच धरावा. तट रिकामा दिसला की गनीम शिडी लावितो." गोजराऊ बोलिल्या, "मनुष्ये नाहीत तर करू." भागाऊ कपाळास हात लावोन म्हणाल्या, "अगो, मनुष्य करावयास नऊ महिने लागतात, गनीम उद्या येतो!" भयाने पांढऱ्या पडलेल्या बायका तेवढ्यातही हसल्या. गोजराऊ म्हणाल्या, "पेंढ्याची करू, आत्याबाई. पाखरांसाठी शेतात बुजगावणे करितोच की नाही? पाखरू मोठे, तर बुजगावणे मोठे."

मग त्या दिवशी किल्ल्यावरी जो उद्योग जाहला तो गृहस्थाश्रमी लोकांच्या उपयोगी आहे, म्हणोन विस्तारे लिहितो. भाताची मळणी नुकतीच जाहली होती, सबब पेंढा विपुल होता. बांबूचा खांब उभा करून त्यास आडवी काठी बांधिली, ते खांदे जाहले, आणि पेंढ्याच्या मुठी आवळोन छाती व दंड केले. डोक्यांसाठी घरोघरची तडकलेली मडकी आणिली, ती पालथी करून खांबावरी बसविली, आणि तोंडाच्या जागी खिळ्याने छिद्र पाडिले. टाकाऊ कागद भिजवोन, त्यात मेथ्या वाटोन घालोन, उखळात कुटोन त्याचा लगदा केला, आणि त्या लगद्याची नाके, कान, भिवया मडक्यांवरी चिकटविल्या. मेथ्यांमुळे लगदा घट्ट धरितो आणि त्यास कीड लागत नाही, हे ध्यानी ठेवावे. डोळ्यांस कवड्या लाविल्या, मिशांस अंबाडीचे वाख काजळात माखोन लाविले. मोडक्या सुपांस शेणाने लिंपोन वरी काजळ फासिले, त्या ढाली जाहल्या. कल्हई केलेल्या पळ्या वेळूच्या टोकांस उलट्या बांधिल्या, आणि ऊन पडताच ते भाले ऐसे झळकले की करणारणीच दोन पावले मागे सरल्या. बंदुकीचा धूर दिसावा म्हणोन फुटक्या खापरात गोवरी धुमसत ठेविली. निशाण किल्लेदारांसमागमे गेले होते, ते नवे करणे प्राप्त जाहले, म्हणोन जुन्या लुगड्याचा पदर हळदीत बुडविला आणि त्यावरी चुन्याची निवळी शिंपिली, तो पिवळ्याचा लालभडक जाहला. राज्याचे निशाण लाल नव्हते, परंतु दुसरा रंग घरात नव्हता. आणि सर्वांत नामी युक्ती ती ऐसी की मोठ्या बुरुजाच्या पोटात पहारेकऱ्यांची देवडी होती, तेथे जाते मांडिले, जात्याच्या खुंट्यास दोर बांधिला, तो दोर विहिरीच्या कप्पीवरोन बुरुजावरी नेला आणि तेथील शिपायाच्या हातास बांधिला. खाली बाई दळावयास बसली की जात्याच्या प्रत्येक फेऱ्यास वरी शिपाई हात उंच करी आणि खाली घेई. पीठही जाहले आणि पहाराही जाहला.

कपड्यांची गोष्ट मात्र भयाची होती. त्या राज्याची रीत ऐसी की घरचा कर्ता पुरुष वारला म्हणजे त्याचे कपडे कोणास देत नसत. ते गाठोड्यात बांधोन ठेवीत, आणि सवडीने त्यांची गोधडी शिवीत, म्हणजे नातवंडांस आजाची ऊब लागते. ऐसी गाठोडी घरोघरी होती. ती त्या दिवशी सोडिली आणि मेलेल्यांचे अंगरखे, बाराबंद्या, पागोटी पेंढ्याच्या शिपायांस चढविली. सांजवेळी तटाकडे पाहावे तो ज्यांस स्मशानी पोचवोन आलो ते सर्व पुरुष पुन्हा उभे. एका म्हातारीने आपल्या धन्याचे पागोटे दुरून ओळखिले आणि ती त्या बाजूने पाण्यास जाईना. म्हणाली, "गेला तेव्हां माझ्यावर रागावून गेला. आता तेथोन बघतो आहे."

इतके होऊनही एक उणे राहिले. गनीम रायाजीरावांस त्यांच्या पारव्या अंगरख्यावरून ओळखीत असे, ज्याच्या डाव्या खांद्यावरी हिरव्या खणाचे ठिगळ होते, आणि तो अंगरखा घरी खुंटीवरी होता. गोजराऊ तो घेऊन आल्या, तेव्हां भागाऊ दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि बोलिल्या, "सूनबाई, मेलेल्याच्या वस्त्राचे काय हवे ते कर. जित्याच्या वस्त्रात पेंढा भरू नये. भरिला तर तिकडे अंग रिते होते. माझ्या सासूने सांगितले, तिच्या सासूने तिला." गोजराऊ म्हणाल्या, "किल्लेदार गडावर नाहीत हे कळले तर गनीम उद्या दुपारीच शिडी लावील. मग अंगरखा खुंटीवर राहील, आणि तुम्ही, मी, ही लेकरे राहणार नाही."

"तुझा नवरा आहे तो!"

"तुमचा मुलगा आहे, आत्याबाई. मला काय भय नाही? माझे हात बघा."

भागाऊंनी पाहिले, तो सुनेचे हात पानासारखे कापत होते. मग त्या उंबरठ्यावरी बसल्या आणि बोलिल्या, "भर. पण सुई लावू नको, दोऱ्याने नुसता बांध. आणि मी रोज सकाळी त्याच्या पुढे घास धरीन आणि नावाने हाक मारीन, म्हणजे जीव आपली वाट चुकणार नाही." येणेप्रमाणे मेलेल्यांची फौज जाहली, आणि तीत एक जिवंत पुरुष मोठ्या बुरुजावरी, जात्याच्या दोरास बांधोन, उभा केला.

दुसरे दिवशी गनीम आला. त्याने तट शिपायांनी भरलेला पाहिला, भाले झळकताना पाहिले, धूर पाहिला, आणि मोठ्या बुरुजावरी किल्लेदार हात उंचावोन हुकूम देताना पाहिले, आणि तो पायथ्याशीच थबकला. मग दिवस कलला आणि वारा सुटला, आणि ज्याचा विचार कोणी केला नव्हता ते घडले. मडक्यांस तोंडाची छिद्रे होती, त्यांत वारा शिरला आणि सगळी फौज एका सुराने हुंकार देऊ लागली. हूं हूं हूं ऐसा आवाज खिंडीतोन घुमला, जैसी गुरे रडतात तैसा. गनिमाची घोडी खुंटे उपटोन पळाली आणि गनीम उजाडताच कूच करून गेला. परंतु तो हुंकार गनिमाने एकच वेळ ऐकिला, बायकांस तो नित्य ऐकणे आले. गनीम फिरोन येईल या भयाने फौज उतरविता येईना, आणि उभी ठेविली तर वारा वाहिला की मेलेले बोलत. लेकरांनी तटाकडे जाणे सोडिले, बायका पाण्यास जोडीजोडीने जाऊ लागल्या, आणि दमाजी हवालदार जे कोणास भीत नसत ते म्हणाले, "मी यांतल्या निम्म्यांबरोबर चिलीम ओढली आहे. तेव्हां इतके गंभीर नव्हते."

भागाऊ मात्र रोज सकाळी, खाली गोजराऊ दळावयास बसल्या की, थाळीत भाजीभाकरी घेऊन बुरुजावरी जात, घास त्या मडक्याच्या मुखासमोर धरीत आणि म्हणत, "राया, घे. मीठ कमी म्हण की रे. आज खरेच कमी आहे, लमाण पळाले मेले, गडावर मिठाचा खडा उरला नाही. बोल की!" मडके बोलत नसे. जन्मभर ज्या बोलण्याचा संताप केला ते बोलणे ऐकू येईना. खाली येऊन त्या सुनेस म्हणत, "आजही बोलला नाही. तिकडे काही बरे नाही." गोजराऊ जात्यात घास घालीत आणि दळीत राहत.

इकडे रायाजीरावांस हुजूर पोचताच वर्तमान कळले की गनीम तुमच्या किल्ल्यावरी गेला. ते महाराजांची परवानगी घेऊन, वाटेत मुक्काम न करिता, फौजेसुद्धा धावत आले, आणि सकाळच्या धुक्यात खिंडीपलीकडील टेकडीवरी पोचले. पुढे पाठविलेला जासूद वाटेत गनिमाच्या हाती सापडला होता, तो किल्ल्यावरी पोचलाच नाही. धुके विरळ जाहले आणि रायाजीराव पाहतात तो जो तट आपण रिकामा सोडोन गेलो त्यावरी शिपाई खच्चून भरले आहेत, आणि वरी परक्या लाल रंगाचे निशाण फडफडते. मग दुर्बीण डोळ्यास लाविली आणि मोठ्या बुरुजावरी पाहिले, तो आपलाच पारवा अंगरखा, खांद्यावरी आपल्याच घरचे हिरवे ठिगळ, आणि आत कोणी परका, मिशा काळ्या, डोळे पांढरे, हात उंचावोन हुकूम करितो. रायाजीराव क्षीण स्वराने बोलिले, "घर लुटिले. माझ्या खुंटीवरचा अंगरखा घालोन उभा आहे. घरची माणसे जिती असती तर हा अंगरखा त्याच्या अंगी न लागता." आणि मग रडले नाहीत, पण ज्यांनी ते मुख पाहिले ते म्हणत की रडते तर बरे होते. दर्याजी गोलंदाज यांस आज्ञा जाहली की पितळी तोफ लावा आणि प्रथम त्या अंगरखेवाल्याचे शिर उडवा. दर्याजींचा नेम दहा गावांत नावाजलेला. त्यांनी तोफेच्या कानास जळता काकडा लाविला आणि गोळा सुटला आणि बुरुजावरील शिर उडाले.

फौज जयजयकार करणार तो थबकली. शिर गेले, परंतु शिपाई पडला नाही. धड उभेच, आणि हात पूर्ववत वरी जातो, खाली येतो, वरी जातो, खाली येतो, किंबहुना अधिक वेगाने. दर्याजी गोलंदाज मागे सरोन म्हणाले, "सरकार, मी शेकडो मारिले, मेल्यावर मुजरा करणारा पाहिला नाही!" मागील पथकातील काही लोक घोडी सोडोन पळाले, काही रामनाम घेऊ लागले. खरी गोष्ट ऐसी की खाली देवडीत गोजराऊ दळीत होत्या, त्यांनी तोफ ऐकिली आणि गनीम आला ऐसे समजोन भयाने जात्याचा खुंटा दोन्ही हातांनी घट्ट धरिला, आणि काय करावे हे न सुचोन जोराने दळीतच राहिल्या. रायाजीराव दुर्बिणीतोन पाहत होते. त्यांनी पाहिले की हात मध्येच थांबतो, श्वासाइतका थांबतो, आणि पुन्हा फिरतो. पुन्हा थांबतो, पुन्हा फिरतो. ते स्वतःशी पुटपुटले, "ही तलवारीच्या हाताची रीत नव्हे. ही जात्यात घास घालण्याची रीत." दर्याजींनी ऐकिले नाही, त्यांनी दुसरा बार भरिला आणि काकडा उचलिला. इतक्यात बुरुजावरी एक म्हातारी चढली, एका हाती थाळी, आणि बिनशिराचे धड पाहोन तिने दुसरा हात ऊर बडविण्यास उचलिला. रायाजीराव ओरडिले, "थांबा!" आणि हात पुढे करून जळता काकडा तसाच मुठीत धरिला आणि विझविला. तळहात भाजोन निघाला, परंतु बार उडाला नाही.

मग ते हत्यार टाकोन एकटेच खिंड उतरले आणि दरवाजाखाली येऊन हाक मारिली, "आई! दार उघड. मी राया." दरवाजाच्या आत सर्व गोळा जाहले. गोजराऊ पिठाच्या हातांनी अडसर काढण्यास धावल्या, तो भागाऊंनी त्यांचे मनगट धरिले. त्यांचे मुख राखेसारखे जाहले होते. म्हणाल्या, "उघडू नको. मी वरोन आता पाहोन आले, त्याचे शिर गेले आहे. मी सांगितले होते. मेलेला मुलगा प्रथम आईलाच हाक मारितो." बाहेरोन आवाज आला, "गोजरा, तू तरी उघड!" गोजराऊ रडत म्हणाल्या, "आत्याबाई, आवाज त्यांचाच आहे." भागाऊ म्हणाल्या, "आवाज शेवटी जातो." दमाजी हवालदार दिंडीच्या झरोक्यास डोळा लावोन बसले आणि बोलिले, "पाय पाहावे. पाय उलटे असले तर भूत." कोणी विचारिले, "मग कसे आहेत?" दमाजी म्हणाले, "खाली धुके आहे, आणि माझ्या डोळ्यांतही आहे. किल्लेदार, पाय जरा वर करा!" बाहेरोन रायाजीरावांनी एक पाय वर केला. दमाजी म्हणाले, "एक सरळ आहे. दुसऱ्याचे सांगवत नाही."

कोणास हसू आले नाही. बाहेर वारा सुटला आणि वरी फौज हुंकार देऊ लागली, आणि लेकरे आयांच्या पदरात शिरली. मग भागाऊ थाळी घेऊन पुढे आल्या, झरोक्याची फळी सरकविली, भाकरीचा तुकडा भाजीत बुडविला आणि हात बाहेर केला. रायाजीरावांनी घास घेण्यास उजवा हात पुढे केला, परंतु तळहात भाजल्यामुळे बोटे मिटेनात, म्हणोन त्यांनी मुखच झरोक्याशी आणिले आणि आईच्या हातोन घास घेतला. चावण्याचा आवाज आला. मग गिळण्याचा आला. मग बाहेरोन रायाजीराव बोलिले, "आई, मीठ कमी आहे."

जन्मात प्रथमच ते बोलणे खरे होते. भागाऊंच्या हातोन थाळी पडली आणि त्या दरवाजास टेकोन ऐशा रडल्या की तोफेच्या आवाजास न हललेले दमाजी हवालदार मुख फिरवोन उभे राहिले. गोजराऊंनी अडसर काढिला. किल्लेदार आत आले आणि मायलेकरांची भेट जाहली. नंतर रायाजीरावांनी कुटुंबाच्या पिठाने भरलेल्या हातांकडे पाहिले आणि विचारिले, "वरी जो मुजरा करीत होता तो कोण?" गोजराऊ डोळे पुसोन म्हणाल्या, "तुम्ही. तुमच्यापेक्षा शहाणा होता, जेवणास नावे ठेवीत नव्हता."

त्याच दिवशी उन्हे असता फौज उतरविली. पेंढा गुरांस घातला, पळ्या स्वयंपाकघरी गेल्या, सुपांचे काजळ धुतले, आणि मेलेल्यांचे कपडे ज्याच्या त्याच्या गाठोड्यात हात जोडोन ठेविले. पुढे थंडी वाढली तेव्हां त्यांच्या गोधड्या जाहल्या, आणि त्या गोधड्यांखाली लेकरे नीट निजली. पारव्या अंगरख्यातील पेंढा भागाऊंनी स्वतः मुठीमुठीने काढिला, शेवटची काडी निघेपर्यंत कोणास हात लावू दिला नाही, आणि अंगरखा झटकोन लेकाच्या अंगी घातला.

तात्पर्य लिहिणे ऐसे की घरात टाकाऊ ऐसी वस्तू नाही. मडके तडकले तर टाकू नये, पेंढा, सूप, जुने लुगडे जपोन ठेवावे, लगद्यात मेथ्या अवश्य घालाव्या, आणि भय वाटले तरी हात चालता ठेवावा. या साहित्यातोन शिपाई होतो, किल्लेदारही होतो, आणि गनीम फसतो, कधी घरचाही फसतो. मीठ कमी म्हणणारा मात्र होत नाही. लमाण पुढे मीठ घेऊन आले आणि गडावरी गोण्या भरल्या, तरी भागाऊ होत्या तोवरी त्यांनी रायाजीरावांच्या भाजीत मीठ कमीच घातले. किल्लेदार पहिला घास घेऊन बोलत, आणि त्या ते ऐकोन मग आपल्या पानावरी बसत.

इति हकीकत समाप्त. लिहिण्यात मीठ उणे पडिले असल्यास वाचणारांनी पदरचे घालोन घ्यावे.